कुंडांच्या सहलीचा बेत



या मालेत आमच्याआधी जे वक्ते झाले त्यांनी देशाचे अर्थकारण सांगितले, संतांचे अभंग उलगडून दाखविले, एकांनी तर ग्रहताऱ्यांपर्यंत मजल मारली. आम्ही आज सहलीचा बेत कसा करावा एवढ्यावरच बोलणार आहोत. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अटकळ अशी होती की, कामगार चळवळीतला माणूस, तो महागाईभत्त्यावर बोलेल, फार तर संपावर बोलेल. सहल म्हटल्यावर ते जरा थबकले. परंतु आमचा आजवरचा अनुभव असा, की संप उभा करणे सोपे; सत्तर माणसे घरून नेऊन संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचविणे त्याहून कठीण. त्यातले कठीण काय, तेवढे सांगण्यापुरता आपला वेळ घेतो.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची कचेरी म्हणजे कसब्यात तांबट आळीजवळची एक खोली. दोन बाके, एक कपाट, भिंतीवर नारायण मेघाजी लोखंडे यांची तसबीर. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसे तेथे घटकाभर टेकतात. तांबट आळीतले जुने कारागीर येतात, कुंभारवाड्यातले येतात, भोसरीच्या कारखान्यांत जाणारी तरुण मंडळी येते, आणि अलीकडे ठेकेदाराकडे काम करणारी माणसे, म्हणजे कोणी रखवालदार, कोणी झाडलोट करणारे, तीही येऊ लागली आहेत. त्या दिवशी आमचे एक निवृत्त सभासद अमेरिकेहून परत आले होते. मुलगा तिकडे नोकरीला. त्याने आईबापांना ग्रँड कॅनियन दाखवून आणले. मोबाइलवरचे फोटो या हातातून त्या हातात फिरू लागले. तांबड्या-पिवळ्या कड्यांचे थरावर थर, आणि तळाशी सुतळीएवढी दिसणारी नदी. पोरे विचारू लागली, विमानाचे भाडे किती, व्हिसाला काय लागते. कोणी म्हणाले, दहा वर्षे भिशी लावली तरी एकाचेसुद्धा तिकीट निघायचे नाही.

सर्वांत शेवटी तो मोबाइल अण्णांच्या हाती गेला. अण्णा म्हणजे तांबट आळीतले आमचे सर्वांत वडीलधारे कारागीर, पंच्याहत्तरी उलटलेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिले, फोन परत दिला आणि म्हणाले, "झकास आहे. पण आपल्या निघोजचे कुंड बघायचे माझे राहिलेच की."

खोलीत कोणी बोलेना. आम्ही तर मान खाली घातली. कारण अण्णांचे राहिले होते ते आमच्यामुळे.

निघोज आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून नगर रस्त्याने वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव करीत शिरूर गाठायचे. तेथे घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. त्याचे नाव आता अहिल्यानगर. पुढे वायव्येला वळून निघोज. कसब्यातून सारे मिळून सुमारे ९० किलोमीटर. गाव पारनेर तालुक्यातले, म्हणजे सेनापती बापटांच्या तालुक्यातले. गावाजवळून कुकडी नदी जाते. नदीच्या एका काठाला निघोज आणि दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी. नदी हीच जिल्ह्याची शीव. येथे नदीने काळ्या पाषाणात घळ कापली आहे, आणि त्या घळीत रांजणासारखे गोल गोल खळगे पाडले आहेत. कित्येक खळगे माणूस उभा मावेल असे, तर कित्येकांचा तळच लागत नाही. लोक त्यांना कुंड म्हणतात, भूगोलाच्या पुस्तकात रांजणखळगे म्हणतात. काठावर मळगंगेचे देऊळ आहे आणि चैत्रात तिची यात्रा भरते.

आता कोणी म्हणेल, कुठे अमेरिकेतले ते वाळवंटातले आश्चर्य आणि कुठे हे पारनेरातले ओढ्याएवढे कुंड! आकारमानाची तुलना आम्हीही करीत नाही. ग्रँड कॅनियन लांबीला ४४६ किलोमीटर, कुठे कुठे २९ किलोमीटर रुंद, आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक. त्याच्या तळाचा खडक १७०–१८० कोटी वर्षांचा, आणि आपला दख्खनचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे वयानेही आपण लहान. परंतु घडण एकाच न्यायाची आहे. कोलोराडो नदीचे पाणी त्या वाळवंटातले नव्हे. दूरच्या रॉकी पर्वतावरचे बर्फ वितळते, त्याचे ते पाणी. कुकडीचेही तसेच. ती उगम पावते जुन्नरच्या सह्याद्रीत, पूरच्या कुकडेश्वरापाशी. तेथे पाऊस कोसळतो, आणि पारनेरात माणूस आभाळाकडे डोळे लावून बसतो. ओल्या मुलखातले पाणी कोरड्या मुलखात शिरते, बरोबर दगडगोटे आणते आणि खडक कापीत जाते. खडकात कुठे भेग असते, कुठे जुन्या बुडबुड्याचे छिद्र असते. पुराच्या पाण्याचा भोवरा तेथे फिरू लागला की त्यात सापडलेला गोटा जात्यासारखा गरगरतो आणि खाली खाली घासत जातो. असे दोन खळगे शेजारी वाढले की मधली भिंत झिजून पडते, आणि खळग्याला खळगा मिळून घळ होते.

हे ज्ञान आम्हाला २०१४ सालीही होते. सहलीचे ज्ञान मात्र नव्हते.

२०१४ च्या १ मे रोजी आम्ही पहिल्यांदा निघोजला जाण्याचे ठरविले. कामगार दिन, हक्काची सुट्टी, सगळे एकत्र जमणारच होते. सकाळी झेंडावंदन, मग मिरवणूक, मग सभा, आणि सभा आटोपल्यावर तसेच निघायचे, असा बेत. सभा लांबली. कोणाचे भाषण लांबले ते विचारू नका. भाषण आमचेच होते. निघायला साडेदहा वाजले. एक टेंपो आणि दोन जीपगाड्या, माणसे ४३, आणि पाणी म्हणाल तर तांब्याचे दोन हंडे व ज्याच्या त्याच्या बाटल्या. पोहोचलो तेव्हा भर दुपारचा एक वाजला होता.

वैशाखातल्या दुपारी त्या काळ्या खडकावर पाय ठेवून पाहावा. वरून ऊन आणि खालून तवा. सावलीला झाड म्हणून नाही, जे काय आहे ते देवळापाशी. तरुण मंडळी ओरडत खाली पळाली, काही जण कुंडाच्या काठावर पाय सोडून बसले. त्यांना मागे ओढण्यात आमचे लक्ष गुंतले. अण्णांना आम्ही म्हणालो होतो, तुम्ही देवळाच्या सावलीत थांबा. ते म्हणाले, "भट्टीपुढं जन्म गेला माझा. मला उन्हाचं काय सांगता?" आणि एकटेच खडकावरून चालू लागले. वीस-पंचवीस पावले गेले असतील. खाली बसले ते उठेनात. अंग तापलेले, घाम थांबलेला, बोलणे असंबद्ध. हंड्यांत पाणी उरले नव्हते. गावातल्या एका बाईंनी आपल्या घरची भरलेली कळशी आणून त्यांच्या अंगावर ओतली. त्या माउलीचे उपकार आम्ही विसरणार नाही. तेथून शिरूरला दवाखान्यात, तेथून पुण्याला. अण्णा वाचले. पण तीन महिने त्यांच्याने हातोडा उचलवला नाही, आणि ज्याचे पोट रोजच्या ठोक्यावर आहे त्याचे तीन महिने म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. त्यांच्या सूनबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, मोर्चाला माणसं मोजता, सभेला मोजता. इथं का नाही मोजली?"

त्यानंतर आठ वर्षे आमच्या कचेरीत सहल हा शब्द कोणी काढला नाही.

तेव्हा अण्णांचे ते बोलणे झाल्यावर आम्ही ठरविले की या वेळी बेत आधी, उत्साह नंतर. नगर वाचन मंदिरात जाऊन ग्रँड कॅनियनवर मिळेल ते वाचले. इंग्रजी आम्ही तिशीनंतर शिकलो, त्यामुळे हळू वाचतो. हळू वाचण्याचा फायदा एवढाच की विसरत नाही. पॉवेल नावाचे एक गृहस्थ १८६९ साली चार होड्या घेऊन त्या नदीतून गेले. युद्धात उजवा हात गमावलेले. निघाले तेव्हा माणसे दहा आणि शिधा दहा महिन्यांचा. पहिल्या काही आठवड्यांतच एक होडी खडकावर आपटून फुटली, शिधा वाहून गेला. उरलेला भिजून कुजला. शेवटी शेवटी बुरसटलेले पीठ, वाळलेली सफरचंदे आणि कॉफी यांवर दिवस काढले. शंभराच्या आसपास दिवसांनी बाहेर पडले तेव्हा माणसे सहा. एक आधीच परतला होता. तिघे जण मुक्कामाच्या दोनच दिवस आधी कंटाळून घळ चढून वर गेले आणि वाटेत मारले गेले. आम्ही त्या तिघांचा फार विचार केला. त्यांना दोष द्यावा असे वाटेना. किती उरले आहे हे ज्यांना ठाऊक नसते, ती माणसे पॉवेलांबरोबर होती तशीच आमच्याबरोबरही असतात.

दुसरी गोष्ट कळली ती अशी. डोंगर चढताना माणूस ताज्या दमाने वर जातो आणि थकल्यावर उतरतो. घळीचे उलटे आहे. सकाळच्या गारव्यात मजेत उतरायचे, आणि दुपारी थकल्या पायांनी चढायचे. त्यात काठापेक्षा तळाशी ऊन कितीतरी कडक. उन्हाळ्यात तेथे पारा चाळिशीच्या पुढे जातो. म्हणून तेथले रखवालदार लोकांना बजावतात की उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात चालू नका, आणि नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत येण्याचे धाडस करू नका. हे वाचताना आम्हाला आमचा दुपारचा एक आठवत होता.

तिसरी गोष्ट पुस्तकात एका कोपऱ्यात होती. त्या घळीत हवासुपाई नावाचे लोक पूर्वापार राहत होते, बागा करीत होते. १९१९ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि मळ्याच्या जागेतून त्यांना हळूहळू घालवून दिले. तेथला शेवटचा रहिवासी १९२८ साली गेला. त्या जागेला त्यांचे नाव द्यायला २०२२ साल उजाडावे लागले. यावरून आम्ही एक नियम केला की निघोजला जायचे ते आधी गावाला विचारून. डिसेंबरात आम्ही दोघे-तिघे जण एस.टी.ने जाऊन आलो. गावातल्या एका शेतकऱ्याने आमच्याबरोबर सगळा काठ चालून दाखविला. कोणत्या खडकावर शेवाळ असते, कोणत्या कुंडाचा काठ खालून पोखरलेला आहे, कोणत्या वर्षी कुठे पोर बुडाले, हे त्याला पाठ होते. वर येडगाव धरण आहे. आवर्तन सुटले तर पाणी चढते, तेव्हा येण्याआधी दोन दिवस मला फोन करा, असे त्याने सांगितले. हे कुठल्या पुस्तकात मिळाले असते? आणि निघताना म्हणाला, "हे देवीचं ठिकाण आहे. बाटल्या घेऊन येऊ नका म्हणजे झालं."

येथवरचा बेत ऊन, पाणी आणि वाट यांचा झाला. तो कोणीही शहाणा माणूस करील. आता दिवस कोणता, हा प्रश्न आला, आणि तेथे आमची खरी दमछाक झाली.

श्रोतेहो, आपण रविवारी सहलीला जातो तेव्हा हा रविवार आला कोठून, असे आपल्या मनात येत नाही. मुंबईच्या गिरणीत माणूस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत असे आणि महिनेच्या महिने त्याला सुट्टी नसे. १८८४ साली लोखंडे यांनी सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्यास रविवारची एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, अशा मागण्या. सहा वर्षे पाठपुरावा केला. १८९० च्या एप्रिलात दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. पुढे १९३६ साली फ्रान्समधल्या कामगारांनी कारखाने अडवून धरले आणि वर्षास दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळविली. त्या उन्हाळ्यात सवलतीचे तिकीट काढून लाखो कामगारांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम भरले की दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा दिली, आणि २०२० साली संसदेने जी संहिता मंजूर केली तिच्यात २४० चे १८० झाले.

हा सगळा इतिहास आम्ही पोरांना अनेकदा ऐकविला आहे. सहलीची तारीख ठरवायला बसलो तेव्हा तो आमच्यावरच उलटला. भोसरीवाल्यांची सुट्टी गुरुवारी. दुकानांतल्या मंडळींची वेगळ्या वारी. शाळेतली पोरे रविवारी मोकळी. तांबट आळीत ज्याला काम आहे त्याला सुट्टी नाही, आणि ज्याला काम नाही त्याला रोजच सुट्टी. रखवालदारांना वार ठरलेला. तोही पाळीप्रमाणे बदलतो. शेवटी २०२३ चे २६ जानेवारी निघाले. थंडीचे दिवस, सर्वत्र सुट्टी, नदीला पाणी बेताचे. त्यात तो वार गुरुवार. भोसरीची मंडळी कुरकुरली की एक सुट्टी बुडाली. आम्ही म्हणालो, बुडाली नाही, सहलीला लागली.

तेव्हा आमच्या बैठकीत बसलेला एक तरुण रखवालदार उभा राहिला. ठेकेदाराकडचा माणूस, वय तिशीच्या आत. म्हणाला, "भाऊ, तुमची ती सुट्टी, माझा तो खाडा. वर्गणी चारशे धरली तरी मला ही सहल हजाराला पडते."

आम्ही पस्तीस वर्षे चळवळीत आहोत. भरपगारी रजेवर आमची किती भाषणे झाली असतील याचा हिशेब नाही. आणि आपल्याच खोलीत बसलेल्या सात माणसांना ती रजा नाही, ही गोष्ट बेत करताना आमच्या ध्यानात आली नव्हती. कोणी कायम कामगार चटकन म्हणाला, त्यांचे पैसे आपण भरू. त्यावर तो रखवालदार बसला तो मान वर करीना. दुसरा एक झाडूवाला म्हणाला, "फुकट नको. फुकट न्यायचं असलं तर नाही येत."

येथे अण्णांच्या सूनबाई पुढे झाल्या. त्या बायकांची भिशी चालवितात आणि आठ वर्षे त्यांनी आमच्यावरची नजर काढलेली नव्हती. त्या म्हणाल्या, वर्गणी सगळ्यांना सारखी; आठवड्याला पंचवीस रुपये, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सोळा गुरुवार. चारशे कोणाला एकदम काढायला सांगू नका, पंचवीस सगळे काढतात. हा झाला सहलीचा पैसा. खाड्याचा पैसा वेगळा. ज्याला त्या दिवसाचा पगार घरी बसून मिळणार आहे त्याने दीडशे रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे, आणि ज्याचा खाडा पडेल त्याने त्या डब्यातून आपला रोज मोजून घ्यायचा. "संपात तुम्ही निधीतून देता, ते कोणी फुकट म्हणतं का?" असे त्यांनी विचारले. कोणाजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळ तर नव्हतेच. निधीची कल्पना आमची आणि ती वापरली त्यांनी.

२८ कायम कामगार येणार होते. त्यांतल्या २६ जणांनी दीडशे दिले, दोघांनी दिले नाहीत. ते दोघे सहलीला मात्र आले, हेही सांगून टाकतो. डब्यात ३,९०० जमले. सात जणांचे रोज ३,८५० होत होते. हिशेब इतका नेमका बसला की सूनबाईंना स्वतःलाच खरे वाटेना.

गाडीवरूनही वाद झाला. २६ जानेवारीला पोरांच्या शाळेत झेंडावंदन असते, ते बुडवायला आया तयार नाहीत. झेंडावंदन करून निघायचे तर पुन्हा बारा वाजणार. जानेवारीतले बारा आणि मेमधले बारा यांत फरक आहे, असे आम्ही म्हणालो, पण या बाबतीत आमच्या शब्दाला आता वजन राहिलेले नाही. अखेर दोन गाड्या ठरल्या. पहाटे साडेपाचला टेंपो. त्यात बारा स्वयंसेवक, स्वयंपाकाचे सामान, वीस-वीस लिटरचे पंधरा जार, दोराची दोन बंडले आणि अण्णा. नऊ वाजता शनिवारवाड्यापासून प्रासंगिक करारावरची एस.टी.; त्यात आया, पोरे आणि बाकीचे. पहिल्या गाडीने जाऊन काठावर दोर बांधायचा आणि चुली पेटवायच्या. अण्णांना घेऊन जायचे ते सकाळच्या गारव्यात, आणि दहाच्या आत सावलीत आणून बसवायचे, ही सूनबाईंची अट. एकूण माणसे ७१. पाणी दरडोई चार लिटर धरून २८४. म्हणून जार पंधरा.

सहलीचे वर्णन करीत नाही. पिठले-भाकरी चांगली झाली होती. शिरूरला परतताना मोजणी ७० भरली तेव्हा आमच्या काळजाचे पाणी झाले. एक पोर सीटखाली झोपलेले सापडले. सूनबाईंनी दिवसभरात पाच वेळा माणसे मोजली.

पण सकाळचे तेवढे सांगतो. आठ वाजून गेले होते. खडक अजून गार होता. कुंडांतले पाणी हिरवे आणि निश्चळ. गावातला तो शेतकरी पुढे, दोन पोरे अण्णांच्या दोन्ही बाजूंना, मागे आम्ही घडीची खुर्ची घेऊन. एका मोठ्या कोरड्या खळग्याच्या अलीकडे दोर बांधला होता, तेथे त्यांना बसविले. अण्णा वाकून आत पाहत राहिले. मग शेजारच्या एका लहान खळग्याच्या आतून त्यांनी हात फिरविला. आपणांपैकी ज्यांनी तांबट आळीतले मठारकाम पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे. भांडे घडले की त्यावर हातोडीचे सारखे ठोके मारीत जातात, त्याने पत्र्याला बळकटी येते आणि झळाळी चढते. अण्णांनी हात फिरविला आणि म्हणाले, "आपण बाहेरून ठोकतो. हिनं आतून घासलंय. पण गोलाई बघा, कुठं चुकली नाही." कुंभारवाड्यातला एक जण म्हणाला, "अण्णा, नाव रांजण आहे, हंडा नाही. हे आमचं काम." त्यावरून दोघांची जुंपली ती चहा होईपर्यंत. खळग्याच्या तळाशी गुळगुळीत गोटे पडले होते, लिंबाएवढे, नारळाएवढे. ज्यांनी हे सारे घडविले ती ही अवजारे, असे आम्ही सांगू लागलो. कोणी ऐकत नव्हते.

आणि तो रखवालदार आला नाही. ज्याने खाड्याचा प्रश्न काढला तोच. त्याचा रोज डब्यात तयार होता, वर्गणीचे सोळा हप्ते त्याने भरले होते. आदल्या रात्री ठेकेदाराच्या माणसाने त्याला सांगितले की उद्या झेंडावंदन आहे, गेटवर माणसे जास्त लागतात, आला नाहीस तर परवापासून येऊ नकोस. रोज निधीतून भरता येतो. नोकरी भरता येत नाही. त्याची बायको आणि मुलगी आल्या होत्या. मुलीने शेतकऱ्याला विचारून एक गोटा बापासाठी आणला. तो आता गेटवरच्या टेबलावर असतो, हजेरीच्या कागदांवर ठेवलेला.

ठेकेदाराशी आमचे बोलणे त्यानंतर सुरू झाले. ते कुठवर आले हा आजचा विषय नाही, आणि त्याला आजची संध्याकाळ पुरायचीही नाही. एवढे झाले की त्याची आठवड्याची सुट्टी आता पाळीबरोबर फिरत नाही. मंगळवार पक्का झाला आहे.

यंदा सूनबाईंनी पुन्हा भिशी लावली आहे. निघोजचाच बेत आहे, थंडीत, आणि वार मंगळवार धरला आहे. याचा अर्थ असा की भोसरीवाल्यांना त्या दिवशी आपल्या हक्काच्या रजेतला एक दिवस खर्च करावा लागेल. २६ जणांना विचारले. १९ जणांचे रजेचे अर्ज आजवर आमच्याकडे आले आहेत. उरलेल्या सातांच्या घरी आम्ही या आठवड्यात जाऊन येणार आहोत.